मी सेल बदलले

बीपीच्या मशीनच्या पडद्यावर एक छोटंसं हृदय उमटलं होतं आणि त्याच्या शेजारी वाकडीतिकडी रेघ. वर १३८, खाली ८४, त्याखाली नाडीचा आकडा आणि कोपऱ्यात ते लुकलुकणारं चिन्ह. आईच्या दंडावरचा पट्टा फुसफुसत सैल झाला. "किती?" तिनं विचारलं. मी आकडे सांगितले, तिनं वहीत लिहिले. चिन्हाबद्दल ती काही बोलली नाही, कारण एवढं बारीक तिला चष्म्यातूनही दिसत नाही. मी काही बोलले नाही, कारण मला वाटलं सेल उतरले असतील. पुन्हा मोजलं, पुन्हा तेच. मग मी मशीन उलटं केलं, पाठीमागचं झाकण अंगठ्यानं सरकवलं, चार सेल काढले, चार नवे घातले. तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा चिन्ह गेलं होतं. "बघ, सेलच होते," मी म्हटलं. एक काम हातावेगळं झाल्याचं बरं वाटलं, तेही अजून आठवतं. काढलेले चार सेल मी टाकून दिले नाहीत. खणात ठेवले, कधी लागले तर.

त्यानंतर एकोणीस दिवसांनी आईचे शब्द गेले.

कपाटाची किल्ली हातात घेऊन ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "हा पाऊस कुठं ठेवू?" मला वाटलं, माझ्याच ऐकण्यात चूक झाली. "काय?" तिनं पुन्हा सांगितलं, जरा चिडून, आपण नीटच बोलतोय आणि समोरच्यालाच कळत नाहीये अशा सुरात, आणि या वेळी जे बाहेर आलं तो शब्दच नव्हता. किल्ली उजव्या हातातून निसटून फरशीवर वाजली. आईनं खाली पाहिलं. उजवा हात जागचा हलला नाही, डावा पुढे झाला. तेव्हा मला तिच्या ओठाचा उजवा कोपरा दिसला, किंचित ओघळलेला. साडेनऊ वाजले होते. ही वेळ मला इतकी पाठ आहे कारण पुढच्या दोन तासांत तोच एक प्रश्न मला चार जणांनी विचारला, पहिल्यांदा ॲम्ब्युलन्समधल्या मुलानं: "शेवटचं नीट कधी बोलल्या?" काय झालं हे नंतर, कधी झालं हे आधी. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यायचं तर ते साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. झोपेतून उठल्यावर लक्षात आलं असतं तर हिशेब आदल्या रात्रीपासून धरावा लागला असता. मेंदूची मोठी रक्तवाहिनी तुंबली असेल तर जांघेतून बारीक नळी वर नेऊन गुठळी ओढून काढता येते, आणि त्याला काही जणांच्या बाबतीत चोवीस तासांपर्यंतही मुदत मिळते. पण तिथे बसलेल्या माणसाला मुदत वगैरे काही कळत नाही. पक्षाघाताच्या अशा झटक्यात दर मिनिटाला साधारण १९ लाख चेतापेशी मरतात, असं मी नंतर वाचलं. बरं झालं नंतर वाचलं. आम्ही पावणेअकराला पोचलो, स्कॅन झाला, मेंदूत रक्तस्राव नव्हता, डाव्या बाजूला गुठळी होती. साडेअकराला इंजेक्शन सुरू झालं.

दाखल करताना काढलेला ईसीजी अगदी नीटनेटका होता. कागदावर उंचवटे सारख्या अंतरावर, शाळेतल्या मुलांच्या रांगेसारखे. बीपी आहे, वय शहात्तर आहे, झटका त्यानंही आला असू शकतो, असं डॉक्टर म्हणाले. मॉनिटर लावून ठेवला. दुसऱ्या रात्री तीनच्या सुमाराला मी तिच्या पलंगाशेजारी खुर्चीत बसले होते आणि त्या यंत्राचा आवाज बदलला. तोवर तो मला ऐकू येईनासा झाला होता. एकसारखा आवाज काही वेळानं ऐकू येत नाही. आता तो ऐकू यायला लागला. दोन ठोके घाईघाईनं, मग पोकळी, मग एक, मग तीन एकमेकांवर आदळल्यासारखे, मग परत पोकळी. मी सिस्टरांना हाक मारायच्या आधी, का कोण जाणे, आईचं मनगट धरलं. तिच्या नाडीवर तीन बोटं टेकली आणि माझ्या पाठीवरून शहारा गेला.

ही नाडी मला माहीत होती.

माझ्या आत्याची होती ती. आत्याला लहानपणी ऱ्हुमॅटिक फीवर झाला होता आणि त्यानं हृदयाची एक झडप आखडली होती, त्यामुळे कित्येक वर्षं तिचे ठोके असेच पडत. आम्ही मुलं तिच्या कुशीत शिरलो की ती स्वतःच आमची बोटं मनगटावर धरायची आणि म्हणायची, "मोज बघू." आणि ते मोजता येत नसे. तबल्याच्या क्लासमध्ये नवं पोर ताल चुकतं ते वेगळं. चुकलं तरी कुठं चुकलं हे कळतं, कारण खाली ताल असतो. आत्याच्या मनगटात तालच नव्हता. एखादा ठोका भरगच्च यायचा, त्यामागून एक इतका क्षीण की आला की नाही अशी शंका, मग बराच वेळ काहीच नाही. मधेच अंदाज बांधून "आता!" म्हणावं तर हमखास चुकायचं. आम्हाला तो खेळ वाटायचा. ती वॉरफॅरिन घ्यायची, रक्त पातळ करायची गोळी. तिची एक लांबट वही होती, तिच्यात डावीकडे तारीख, मधे आयएनआरचा, म्हणजे रक्त किती सावकाश गोठतं त्याचा आकडा, उजवीकडे गोळी: एक, अर्धी, एक, पाऊण. तिचा आकडा दोन ते तीनच्या मधे राहायला हवा होता. दोनच्या खाली गेला की गुठळीची भीती, फार वर गेला की रक्त वाहण्याची. अर्धी गोळी करायला ती ब्लेड वापरायची, आणि कागदावर सांडलेली भुकटी बोटाच्या टोकानं गोळा करायची. पालेभाजी तिला वर्ज्य नव्हती, पण एक दिवस खूप आणि चार दिवस अजिबात नाही असं चालायचं नाही, कारण त्यातलं के जीवनसत्त्व त्या गोळीच्या बरोबर उलट काम करतं. हे सगळं आत्या अशा काटेकोरपणे करायची की आम्हाला वाटे, तिचा स्वभावच तसा. ती गेली ती बऱ्याच वयाची होऊन, दुसऱ्याच आजारानं, आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत सगळ्यांना नावानं हाका मारत.

म्हणजे माझ्या बोटांना हे सहाव्या-सातव्या वर्षापासून ठाऊक होतं. मशीनवर चिन्ह आलं तेव्हा माझी बोटं आईच्या दंडापासून वीतभर अंतरावर होती. मनगट धरायला किती वेळ लागला असता?

शाळेत हृदयाची आकृती काढताना वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोघांना निलय असं आपण लिहिलेलं असतं. या शब्दांचे अर्थ मला त्या आठवड्यात दवाखान्याच्या बाकावर बसून कळले. अलिंद म्हणजे घराच्या दारापुढची ओसरी, आणि निलय म्हणजे घर. ज्यानं हे शब्द या कप्प्यांसाठी निवडले त्याला मी मनातून नमस्कार केला. रक्त आधी ओसरीवर येतं, क्षणभर टेकतं, ओसरी आकुंचन पावते आणि ते आत घरात जातं. मग घर त्याला जोरानं सगळ्या शरीरभर पाठवतं. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये, ज्याला दवाखान्यात सगळे नुसतं एएफ म्हणतात, ओसरी आकुंचन पावायचं सोडून थरथरत राहते. तिच्यात मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे विजेचे झटके भलभलत्या दिशांनी फिरत असतात. ते सगळेच्या सगळे खाली गेले तर माणूस वाचणार नाही. मधल्या चौकीवर त्यातले बरेचसे अडवले जातात आणि जे सुटतात ते जसे सुटतील तसे खाली पोचतात. मनगटावर जे लागतं ते हे, चौकीतून निसटलेले ठोके.

इथवर ऐकून मला वाटलं होतं की हा छातीचा आजार आहे. पण डाव्या ओसरीला एक कोनाडा असतो, बोटासारखा, आत वळलेला, अरुंद तोंडाचा. ओसरी नीट चालत असते तेव्हा त्यातलं रक्तही आत-बाहेर होत राहतं. ती नुसती थरथरायला लागली की कोनाड्यातलं रक्त साचतं आणि साचलेलं रक्त थिजतं. झडपेचा आजार नसलेल्या एएफच्या रुग्णांत डाव्या ओसरीत सापडणाऱ्या दहापैकी सुमारे नऊ गुठळ्या या कोनाड्यात असतात. मला ती जागा कित्येक दिवस डोळ्यांपुढून हलत नव्हती. आईच्या छातीतला तो बोटभर अंधार. तिथे ती गुठळी किती दिवस होती कुणास ठाऊक. कदाचित मी सेल बदलत होते तेव्हाही असेल. मग एका सकाळी ती सुटली, ओसरीतून घरात, घरातून महाधमनीत, तिथून मानेतल्या रक्तवाहिनीतून सरळ वर, आणि मेंदूच्या डाव्या अंगाच्या एका फांदीत जाऊन बसली. उजव्या हाताचं बळ आणि तोंडातली भाषा ज्या पेशी सांभाळतात त्यांच्या वाटेवर. छातीत कसलीही कळ नाही, धडधड नाही. आई गेल्या काही महिन्यांत एवढंच म्हणायची की हल्ली लवकर दमायला होतं, आणि आम्ही म्हणायचो, वय झालं.

सगळं वयावर ढकलण्याची ही सवय फार जुनी असावी. फ्रेमिंगहॅम या अमेरिकेतल्या गावातल्या माणसांच्या हृदयांचा मागोवा १९४८पासून घेतला जातोय. त्यातल्या पाच हजारांवर माणसांची चौतीस वर्षांची माहिती १९९१ साली प्रसिद्ध झाली आणि तिच्यात एएफ असलेल्याला पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट दिसला. त्याहून मला हलवलं ते दुसऱ्या आकड्यानं: पन्नाशीतल्या लोकांच्या झटक्यांपैकी जेमतेम दीड टक्का एएफमुळे होते, आणि ऐंशीच्या घरातल्यांच्या झटक्यांपैकी जवळजवळ चोवीस टक्के. चारातला एक! म्हातारपणी अर्धांगवायू व्हायचाच असं ज्याला आपण पिढ्यानपिढ्या म्हणत आलो, त्यातला चौथा हिस्सा आधी मनगटावर सापडू शकला असता. माझ्या आजीची एक बहीण अशीच एका दुपारी बोलायची थांबली आणि नंतर सहा वर्षं अंथरुणावर होती. तिची नाडी कशी होती हे सांगणारं आज कुणी उरलेलं नाही.

जेम्स मॅकेन्झी नावाच्या एका डॉक्टरचं मला या सगळ्यात फार वाटतं. इंग्लंडमधल्या बर्नली या गिरण्यांच्या गावात ते घरोघर जाणारे साधे डॉक्टर होते. मनगटाची नाडी आणि मानेतल्या शिरेची हालचाल एकाच वेळी कागदावर उमटवणारं यंत्र त्यांनी बनवलं, आणि तेच ते रुग्ण वर्षानुवर्षं तपासत राहिले. काही जणांच्या बाबतीत त्यांना दिसलं की ठोके बेताल झाले त्या दिवसापासून मानेतल्या शिरेची एक लाट नाहीशी झाली, वरच्या कप्प्याच्या आकुंचनाची. त्यांना वाटलं, तो कप्पा लुळा पडला. नेमकं काय होतं ते १९०९ साली थॉमस लुईसनं ईसीजीवर दाखवलं. ईसीजीच्या यंत्राच्या कामाबद्दल डच शास्त्रज्ञ आइंटहोवेनला १९२४ साली नोबेल मिळालं. पण मला राहून राहून वाटतं ते बर्नलीच्या त्या डॉक्टरांचं, एकाच माणसाचं मनगट वर्षानुवर्षं धरत राहिलेल्या माणसाचं. नसलेली लाट दिसायला आधी असलेली लाट ओळखीची असावी लागते.

चौथ्या दिवशी मी डॉक्टरबाईंना सेलची गोष्ट सांगितली. कुणालाच सांगितली नव्हती, दादालाही नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्या चिन्हाचा अर्थ एएफच असा नसतो. हात हलला, मोजताना बोललं, एखादा जादा ठोका पडला, तरी ते येतं. एएफ आहे म्हणायला ते ईसीजीवर दिसावं लागतं. तुम्ही दुसऱ्या दिवशी दाखवायला आणलं असतं तर ईसीजी कदाचित इथल्या पहिल्या ईसीजीसारखाच सरळ आला असता. चोवीस तास ईसीजी टिपणारा होल्टर अंगावर लावला असता तरी निसटू शकतं, येऊनजाऊन असतं तेव्हा." मला हायसं वाटायला लागलं होतं. मग त्या जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "पण चिन्ह पुन्हा आलं होतं ना? तर आणायला हवं होतं." मी मान हलवली. दोन्ही वाक्यं मी जपून ठेवली आहेत. पहिलं नसतं तर मला झोप आली नसती, आणि दुसरं त्यांनी गिळलं असतं तर पहिल्यावर माझा विश्वास बसला नसता.

एएफमध्ये झटक्याचा धोका किती, त्याचे गुण धरतात. तो आईचा हिशेबही त्यांनी मांडून दाखवला, बोटांवर. पंचाहत्तरीच्या पुढे म्हणून दोन, बीपीचा एक. हृदय कमजोर असतं तर एक, मधुमेह असता तर एक, रक्तवाहिन्यांचा आजार असता तर आणखी एक. आधी झटका आलेला असेल तर दोन. बाई असल्याचाही एक गुण पूर्वी धरत, तो युरोपातल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये काढून टाकला. म्हणजे झटका यायच्या आधीच आईचे तीन गुण होते, आणि एएफ सापडला असता तर रक्त पातळ करायची गोळी तेव्हाच सुरू झाली असती. वॉरफॅरिननं अशा झटक्यांचं प्रमाण साधारण दोनतृतीयांशानं कमी होतं आणि नव्या गोळ्या निदान तितक्याच चांगल्या आहेत, शिवाय त्यांना आयएनआरची वही लागत नाही. आत्यासारखी झडप आखडलेली असेल किंवा धातूची झडप बसवलेली असेल, तर मात्र आजही वॉरफॅरिनच. ॲस्पिरिननं भागेल का, असं दादानं विचारलं. नाही भागत, त्या म्हणाल्या.

गोळी लगेच सुरू झाली नाही. मेंदूतली जखम ओली असते, त्यात रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून काही दिवस थांबायचं होतं. ते दिवस मला झटक्याच्या दिवसापेक्षाही जड गेले. कोनाड्यात आणखी काही असेल तर? मॉनिटर कधी सुरळीत, कधी सैरावैरा, आणि आम्ही हातावर हात धरून बसलेले. मग नवव्या दिवशी पहिली गोळी आली, एवढीशी, आणि आता भीतीनं दिशा बदलली. दादा म्हणाला, "हिचा उजवा पाय अजून लटपटतो. पडली तर? डोक्यात रक्त झालं तर?" त्याचं चुकत नव्हतं. घरात पडून डोक्याला लागलेली माणसं आम्हीही पाहिली आहेत. डॉक्टरबाईंनी त्याला एक जुना हिशेब सांगितला. १९९९ साली काही संशोधकांनी आकडेमोड करून पाहिलं होतं की वॉरफॅरिन घेणारा एएफचा म्हातारा रुग्ण वर्षातून किती वेळा पडला तर गोळीच्या फायद्यापेक्षा डोक्यातल्या रक्तस्रावाचा धोका वरचढ ठरेल. उत्तर आलं होतं, सुमारे २९५ वेळा. दादा गप्प झाला. पटलं म्हणून नव्हे, तो आकडा डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत होता म्हणून. तरी घरी आल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते न्हाणीघरात भिंतीला धरायची दांडी बसवण्याचं. मला वाटतं, त्याचंही बरोबर होतं आणि डॉक्टरांचंही.

आईला गोळीची गोष्ट सांगितली ती मी, तिला करमावं म्हणून. अमेरिकेत गुरं स्वीट क्लोव्हर नावाचा सडलेला चारा खाऊन रक्त वाहून मरायला लागली होती. १९३३च्या हिवाळ्यात विस्कॉन्सिनमधला एक शेतकरी हिमवादळातून मेलेली कालवड आणि दुधाच्या कॅनमध्ये तिचं न गोठणारं रक्त घेऊन विद्यापीठात पोचला. कार्ल पॉल लिंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातला पदार्थ वेगळा काढला. त्यातूनच पुढे वॉरफॅरिन आलं, आधी १९४८ मध्ये उंदीर मारायला आणि १९५४ मध्ये माणसं वाचवायला. आई लक्ष देऊन ऐकत होती. तिचे शब्द तेव्हा परत यायला लागले होते, पण एकेक, ओल्या भिंतीवरून हात फिरवत चालावं तसे. "आत्या," ती म्हणाली. मग बराच वेळ शोधून, "वही." मी म्हटलं, हो, आत्या तेच घ्यायची, तुझी गोळी वेगळी आहे, तुला वही नको. ती नाराज झाली. दुसऱ्या दिवशी तिनं डाव्या हातानं बीपीच्या वहीत नवा रकाना आखला आणि त्यात सकाळ-संध्याकाळ गोळीपुढे फुली मारायला सुरुवात केली. ही गोळी बारा तासांत बरीचशी उतरते, एक चुकली तरी रक्त पुन्हा पूर्वीसारखं होऊ लागतं, हे तिला डॉक्टरांनी समजावलंय. बरं वाटतंय म्हणून किंवा दात काढायचाय म्हणून कुणी आपल्या मनानं गोळी थांबवली तर काय होतं, हेही तिला ठाऊक आहे. मी ओळखीच्या दोन घरांत ते पाहिलंय आणि मी दर वेळी कळवळून सांगते, विचारल्याशिवाय थांबवू नका.

खणातले ते चार सेल परवा सापडले. वीज गेली होती, टॉर्चसाठी धुंडाळत होते. त्यातले दोन घातले आणि बटण दाबलं. टॉर्च लख्ख पेटला. मी तो तसाच हातात धरून थोडा वेळ उभी राहिले. मग आईच्या खोलीत गेले, ती जागी होती. तिचं मनगट धरलं. आता रोज धरते, सकाळी आणि झोपताना, मशीन लावायच्या आधी. त्या रात्री नाडी बेताल होती. हल्ली ती कधी असते, कधी नसते. ती सरळ असली की अजून जीव भांड्यात पडतो, खरं तर गोळी दोन्ही दिवशी सारखीच लागते.

आईनंच मग माझा हात ओढून घेतला. स्पीच थेरपिस्ट ताईंनी तिला मोजायला सांगितलंय, मोठ्यानं, एका लयीत, आणि तिनं स्वतःच ठरवलंय की लय माझ्या नाडीची घ्यायची. उजवी बोटं अजून नीट दाबत नाहीत, ती डाव्या हातानं त्यांना माझ्या मनगटावर बसवते. "एक. दोन. तीन." विसापर्यंत ती सहज जाते, पंचविशीनंतर मंदावते. "सत्तावीस. अठ्ठावीस." मग थांबते. माझी नाडी तिच्या बोटांखालून पुढे निघून जाते आहे, हे तिला कळतं, ती भुवया आवळते. "तीस नाही," ती म्हणते. "त्याच्या... अलीकडचं." शब्द माझ्या जिभेवर असतो. ती डाव्या हातानं माझं मनगट घट्ट धरते आणि मान हलवते, सांगू नकोस.

"एक," ती पुन्हा म्हणते. "दोन."